अन्नावरची वासना उडते तेव्हा : जुनाट श्वसनविकाराचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी

फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने गांजलेल्या माणसांच्या घरून जी पत्रे येतात, त्यांत औषधे, पंप आणि ऑक्सिजनचे यंत्र यांविषयीच्या शंकांच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून काकणभर अधिकच, ताटाविषयीच्या शंका असतात. वडील चार घास घेतात आणि ताट सारतात; आईला एके काळी सुक्या बोंबलाची चटणी जीव की प्राण होती, आता तिच्या वासानेच मळमळते; शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून दूध बंद केले, नातेवाइकांनी सांगितले म्हणून दही आणि केळे बंद केले, कुणी भातालाही मनाई केली, तर आता द्यायचे तरी काय, असा या पत्रांचा एकंदर मजकूर असतो. त्यांत कुठे वयाला दोष दिलेला असतो, कुठे रुग्णाच्या हट्टी स्वभावाला. परंतु भूक मंदावणे हा या आजाराचाच एक भाग आहे, त्याची खोकला व धाप यांच्याइतक्याच गांभीर्याने नोंद व्हावयास हवी, आणि पथ्याची यादी लांबवण्यापेक्षा खाण्याची क्रिया सोपी केल्यानेच त्यातून बहुधा मार्ग निघतो, ही गोष्ट क्वचितच कुणाच्या ध्यानी आलेली असते.

पुढील मार्गदर्शन सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार), जुना दमा, ब्राँकिएक्टॅसिस, क्षयरोग बरा होऊनही फुफ्फुसात राहिलेले व्रण, फुफ्फुसांची तंतुमयता आणि धुळीच्या धंद्यातून जडणारा सिलिकोसिस, या सर्वांना साधारणपणे लागू पडते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयाची दुर्बलता जोडीला असेल, तर यातील आहाराच्या प्रमाणांविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच ती अमलात आणावीत.

भूक का मंदावते

निर्णय घेण्यापुरती कारणमीमांसा पुरेशी आहे. सीओपीडीत फुफ्फुसांत हवा कोंडून राहते, त्यामुळे श्वासपटल खाली ढकलले जाऊन सपाट होते. अशा वेळी जठर अन्नाने फुगले की त्या पटलास हालचालीस जागा उरत नाही, आणि निरोगी माणसास ज्या जेवणाने तृप्ती येते त्याच जेवणाने या माणसास धाप लागते. शिवाय प्रत्येक घास गिळताना श्वास क्षणभर रोखावा लागतो. ज्याचा श्वास मुळातच अपुरा आहे त्याला ही क्षणाची उसनवारीही जड जाते; जेवताना तो मधेच थांबतो, खांदे वर उचलून दोन-तीन श्वास घेतो, आणि पाचव्या-सहाव्या घासाला भूक संपण्याआधी दमच संपतो. याच्या भरीस घाईने श्वास घेताना हवाही गिळली जाते, तोंडाने श्वास घेतल्याने जीभ कोरडी पडते, कफाची चव तोंडात राहते आणि शरीरातील दीर्घकालीन दाहामुळे भुकेची जाणीवच बोथट होते.

दुसऱ्या बाजूस श्वसनाच्या स्नायूंचे काम वाढलेले असल्याने शरीराचा खर्च वाढतो. आवक घटली आणि जावक वाढली की शरीर आपल्याच स्नायूंची मोडतोड करू लागते. त्यात श्वासाचे स्नायूही आलेच. म्हणून कमी खाल्ल्याने छाती हलकी राहील, ही अनेक घरांतील समजूत उलट फळ देते.

प्रथम वजनाचा दाखला तयार करा

भुकेविषयीचे मत माणसागणिक बदलते, काट्याचे मत बदलत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचास जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर वजन करावे आणि वहीत तारखेनिशी लिहावे. घरी काटा नसल्यास जवळच्या औषधांच्या दुकानातील किंवा दवाखान्यातील एकच काटा ठरवून घ्यावा. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

- महिन्याभरात वजन ५ टक्के, किंवा सहा महिन्यांत १० टक्के घटले, तर ते दखलपात्र समजावे. ५० किलोच्या माणसाच्या बाबतीत हे अनुक्रमे अडीच किलो आणि पाच किलो होतात.
- किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा अंक १८.५ हून कमी असल्यास वजन निश्चितच अपुरे आहे. सीओपीडीत हा अंक २१ किंवा त्याहून कमी असणे हेदेखील चिंतेचे लक्षण मानतात. रोगाची तीव्रता जोखण्यासाठी २००४ पासून वापरात असलेल्या ‘बोड’ निर्देशांकात याच मर्यादेस स्थान दिलेले आहे.
- १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचा अंक २१ यावा यासाठी वजन सुमारे ४७ किलो, तर १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा यावा यासाठी सुमारे ५७ किलो लागते.
- पायांवर सूज असेल तर काटा फसवतो, कारण मांस घटत असताना साचलेले पाणी वजन भरून काढते. अशा वेळी दंडाचा घेर, सैल झालेली अंगठी, ढिले झालेले ब्लाउज किंवा पट्ट्याचे पुढे सरकलेले भोक यांकडे पाहावे.

औषधांची झडती घ्या

भूक जाण्याचे कारण कित्येकदा औषधांच्या डब्यातच सापडते. म्हणून पुढच्या भेटीस जाताना चालू असलेली सर्व औषधे, काढे, चूर्णे आणि पंप एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावेत. कोणतेही औषध स्वत:च्या मर्जीने बंद करू नये. मात्र खालील गोष्टी निश्चित विचाराव्यात.

- थिओफिलिन व त्याच्या वर्गातील गोळ्या : यांनी मळमळ, आम्लपित्त आणि छातीत धडधड होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक जोडीस आले की थिओफिलिनचे रक्तातील प्रमाण वाढते. नवे प्रतिजैविक सुरू झाल्यावर अचानक उलट्या वा धडधड सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. या गोळ्या चालू असता कडक चहा-कॉफीचे कपही आवरते घ्यावेत.
- स्टेरॉइडचा पंप : प्रत्येक वापरानंतर खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे चट्टे दिसले, गिळताना झोंबले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर साधा व परिणामकारक इलाज आहे.
- टायोट्रोपियमसारखे पंप : तोंड कोरडे पडते. थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा घोट घ्यावा, लिंबाची फोड चोखावी.
- पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब : तंतुमयतेवरील या औषधांनी भूक मंदावते, पहिल्याने मळमळ, दुसऱ्याने जुलाब विशेष होतात. दोन्ही अन्नासोबतच घ्यावयाची असतात. त्रास चालूच राहिल्यास मात्रा बदलण्याची मुभा डॉक्टरांना असते, ती मागावी.
- भूक वाढवणारी सिरपे : दुकानातून परस्पर आणलेल्या या औषधांत पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असते. त्याने गुंगी येते आणि वयस्कर पुरुषांत लघवी अडू शकते. अंग भरावे म्हणून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या घेणे तर सर्वथा वर्ज्य.

तंबाखू, बिडी आणि मिशरी यांची गणना कुणी औषधांत करीत नाही, पण भूक मारण्याचे काम त्याही इमानेइतबारे करतात. चव बोथट करणारा हा जिन्नस घरात असेपर्यंत बाकीच्या उपायांना अर्धेच यश येते.

जेवणाची तयारी, वेळ आणि बैठक

येथील सूचना बिनखर्चाच्या आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांचा गुण काही दिवसांतच दिसू लागतो.

१. जेवणापूर्वी अर्धा तास विश्रांती घ्यावी. स्नान करून लगेच ताटावर बसू नये. स्नानानेच पुष्कळ दम खर्ची पडलेला असतो.

२. कफ काढून टाकावा, चूळ भरावी, कवळी असल्यास ती नीट बसते ना, हे पाहावे. वजन घटल्यावर कवळी सैल होते आणि चावणे नकोसे होते.

३. तत्काळ आराम देणारा पंप जेवणाआधी १५ ते २० मिनिटे घ्यावा काय, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

४. पाटावर मांडी घालून बसण्याची आपली रीत कितीही मंगल असली, तरी तीत पोट दुमडते आणि श्वासपटल दाबले जाते. खुर्चीवर ताठ बसावे, पाय जमिनीला टेकवावेत, कोपरे टेबलावर ठेवून किंचित पुढे झुकावे.

५. घास लहान घ्यावा. तो गिळल्यावर चमचा खाली ठेवावा, ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडावा, मग पुढचा घास घ्यावा. जेवताना बोलणे कमी ठेवावे. प्रश्न विचारून रुग्णास बोलते करण्याची ती वेळ नव्हे.

६. पाणी, सार किंवा ताक जेवणाच्या आरंभी पोटभर पिऊ नये. त्याने जागा अडते. पातळ पदार्थ दोन जेवणांच्या मधे घ्यावेत, जेवताना केवळ घोट घोट. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसल्यास दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी पोटात जावे, म्हणजे कफ पातळ राहतो.

७. सर्वांत पौष्टिक जेवण रुग्णास ज्या वेळी अधिक तरतरी असते त्या वेळी ठेवावे. पुष्कळांची ही वेळ सकाळची असते. अशांना रात्री भरपेट जेवू घालण्याचा आग्रह धरू नये.

८. जेवल्यावर निदान तासभर आडवे होऊ नये. आम्ल घशाशी आल्याने खोकलाही चाळवतो.

स्वयंपाक चालू असताना रुग्णाने ओट्यापासून दूर, वाऱ्याच्या जागी बसावे. फोडणीच्या ठसक्याने एकदा खोकल्याची उबळ आली की पुढचे जेवण गेलेच म्हणून समजावे.

ताट लहान, पण सारवान

तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसाचे पाच-सहा लहान आहार, हा या आजारातील मुख्य नियम. परंतु केवळ प्रमाण कमी करून भागत नाही. प्रत्येक वाटीत अधिक सत्त्व यावे, अशी तजवीज करावी लागते. साध्या पातळ पेजेची मोठी वाटी पोट भरते आणि अंगी फारसे काही लागू देत नाही. त्याऐवजी लहान वाटीत गुरगुट्या भात घ्यावा, त्यात दोन चमचे मेतकूट व एक चमचा साजूक तूप कालवावे, शेजारी घट्ट दही ठेवावे. आकाराने हा आहार निम्मा, पण बळाने दुप्पट ठरतो. एका चहाच्या चमच्याएवढ्या तुपातून सुमारे ४५ उष्मांक मिळतात, आणि त्यासाठी रुग्णास एकही घास जास्तीचा चावावा लागत नाही.

शरीराची झीज भरून काढण्यासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ५० किलोच्या माणसास यानुसार ६० ते ७५ ग्रॅम लागतात. हा हिशेब घरच्याच जिनसांतून असा जमतो :

- दूध अर्धा लिटर : सुमारे १६ ग्रॅम
- दोन अंडी : सुमारे १२ ग्रॅम
- दाट वरण दोन वाट्या : सुमारे १४ ग्रॅम
- शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम : सुमारे ७ ग्रॅम
- दही एक वाटी : सुमारे ५ ग्रॅम
- दिवसभराचे तांदूळ, गहू किंवा ज्वारी, कोरडे वजन १०० ग्रॅम : सुमारे १० ग्रॅम

अंडी चालत नसतील तेथे ७५ ग्रॅम पनीर ती उणीव भरून काढते. दुधात दोन चमचे दुधाची भुकटी मिसळली, तर त्याच पेल्यातून जवळजवळ ५ ग्रॅम प्रथिने अधिक मिळतात.

दिवसाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल :

- सकाळी उठल्यावर : नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून, अर्धा पेला.
- न्याहारी : उकडलेले अंडे आणि तूप घातलेला मऊ सांजा, किंवा पनीर कुस्करून घातलेला उपमा.
- साडेदहाच्या सुमारास : पिकलेले केळे किंवा शेंगदाण्याचा मऊ लाडू.
- दुपारी : मऊ भात, दाट वरण, तूप, शिजवलेली दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, दही. मासे खाणाऱ्यांनी काटे काढलेली मासळी.
- चार वाजता : सातूचे पीठ, दूध आणि गूळ.
- रात्री, दिवेलागणीनंतर लवकर : मुगाच्या डाळीची सैलसर खिचडी आणि कढी, किंवा पिठले आणि त्यात कुस्करलेली भाकरी.
- निजण्यापूर्वी तासभर : भुकटी मिसळलेले अर्धा पेला दूध.

फरसाण, कोरडा चिवडा, शंकरपाळे यांचे कण घशात अडकून ठसका लागतो, म्हणून ते टाळलेले बरे. पावटे, वाल, कोबी, मुळा आणि सोड्याची पेये यांनी ज्याचे पोट फुगते त्याने ती सोडावीत. ज्याचे फुगत नाही त्याने उगाच सोडू नयेत. बद्धकोष्ठानेही भूक मरते, म्हणून पपई, भिजवलेले मनुके, शिजवलेल्या पालेभाज्या यांस ताटात जागा ठेवावी.

बाजारातील प्रथिनांच्या महागड्या डब्यांविषयी पुष्कळ विचारणा होते. ज्याला घरचे अन्न पुरेसे जात नाही त्याला ते उपयोगी पडतात, परंतु जेवणाऐवजी नव्हे, जेवणाखेरीज म्हणून. विकत घेण्यापूर्वी वेष्टनावरचे आकडे वाचावेत : दर १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती आणि साखर किती. काही डब्यांत दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असतो. तेवढ्यासाठी खर्चात पडू नये.

आणि एवढे सर्व करूनही नुसत्या खाण्याने स्नायू तयार होत नाहीत. डॉक्टरांच्या किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणे, खुर्चीवरून उठबस करणे, हातापायांचे व्यायाम हे आहाराच्या जोडीने झाले, तरच खाल्लेले अंगी लागते. भूकही त्यानेच चाळवते.

आवड बदलली असेल तर

पूर्वी प्रिय असलेला पदार्थ आता नकोसा व्हावा आणि कधी न खाल्लेल्याची इच्छा व्हावी, यात मानसिक विकृती काही नाही. तोंडाचा कोरडेपणा, औषधे व कफ यांनी चव खरोखरच पालटते.

- मटण कडवट लागते : अंडी, मासे, पनीर किंवा डाळींकडे वळावे. मांस द्यायचेच असेल, तर दही व आले लावून, मऊ शिजवून, कोमट द्यावे.
- वासाने मळमळते : गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो. दहीभात, श्रीखंड, थाळीत गार केलेली खीर असे निवलेले पदार्थ अशा वेळी सोसवतात.
- सर्वच बेचव लागते : लिंबू, आमसूल, कोथिंबीर, पुदिना, आले यांचा सढळ उपयोग करावा. लोणचे व पापड यांतील मीठ पायांवर सूज असणाऱ्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना अपायकारक. ताटाच्या कडेला लोणच्याची नखाएवढी फोड पुरे.
- गोडच हवेसे वाटते : मधुमेह नसल्यास त्या इच्छेचा फायदा घ्यावा, पण नुसती साखर न देता अळिवाची खीर, शेवयांची खीर, नाचणीचा शिरा अशा रूपाने द्यावे.

नावडता झालेला पदार्थ कायमचा बाद करू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चमचाभर देऊन पाहावा. चव परतही येते.

पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमार

वैद्यकीय कारणाविना घातलेली बंधने ही या आजारातील सर्वांत मोठी खोट आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

- दुधाने कफ होतो? दूध व लाळ मिसळून घशात क्षणभर दाटपणा जाणवतो. तो फुफ्फुसातील कफ नव्हे. दाटपणा नकोसा वाटल्यास वरून कोमट पाण्याचा घोट घ्यावा. दूध बंद केल्याने स्वस्त आणि सहज गिळता येणारी प्रथिने मात्र जातात.
- केळे, दही, पेरू बाधतात? सरसकट मनाईस आधार नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी खाज, शिंका किंवा धाप होत असेल, तर त्याच्यापुरता तो वर्ज्य करावा आणि डॉक्टरांना कळवावे. घरातील एकाचा अनुभव दुसऱ्यावर लादू नये.
- भाताने श्वास कोंडतो? गरजेहून फार अधिक पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले, तर कार्बन डायऑक्साइड अधिक निर्माण होतो, हे खरे; वाटीभर भाताने तसे घडत नाही. अडचण भाताची नसते, भरलेल्या ताटाची असते.
- उपवास? संकष्टी, एकादशी आणि चातुर्मासातील नेम ज्यांना सोडवत नाहीत, त्यांनी निराहार राहू नये. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची खीर, दूध, ताक यांनी उपवासही साधतो आणि प्रथिनेही मिळतात. नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नये. औषधे मात्र त्या दिवशीही वेळच्या वेळी घ्यावीत.

भूक वाढली तर

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी याच्या उलटही घडते : सारखी भूक लागते, चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते. या वाढलेल्या वजनास प्रकृतीची सुधारणा समजून समाधान मानू नये. त्यात मांसापेक्षा मेद व पाणी अधिक असते. अशांनी साखर तपासून घ्यावी, मीठ आवरावे आणि भुकेच्या वेळी उकडलेले अंडे, मोड आलेली व शिजवलेली कडधान्ये, काकडी, ताक असे पदार्थ जवळ ठेवावेत. अतिस्थूल रुग्णांनीही झपाट्याने वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. घाईच्या उपासात प्रथम स्नायू जातात.

ऑक्सिजन किंवा बायपॅप चालू असेल तर

नाकातील नळी जेवताना काढू नये. जेवणाच्या श्रमात ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी तो तोडला जातो म्हणून पुष्कळांचे जेवण अर्धवट राहते. प्रवाह स्वत:हून वाढवू मात्र नये. नळी लावून गॅसच्या शेगडीजवळ, चुलीजवळ, निरांजन वा उदबत्तीजवळ जाऊ नये, आणि नाकास तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) लावणाऱ्यांनी मुखवटा चढवण्याच्या अगदी आधी पोटभर जेवू नये. पोटात हवा जाऊन ते फुगते आणि ओकारीचा धोका संभवतो.

घरच्यांना दोन शब्द

‘अजून एवढेच’, ‘माझ्यासाठी एक घास’ हा आग्रह प्रेमाचा असतो, परंतु दम लागलेल्या माणसास तो शिक्षेसारखा वाटतो, आणि मग ताटाची वेळ जवळ येताच त्याच्या मनात भय उभे राहते. लहान वाटी समोर ठेवावी, ती संपली तर आणखी विचारावे, न संपली तर मुकाट्याने उचलावी आणि दोन तासांनी दुसरे काही आणावे. शक्य असेल तेव्हा कुणीतरी सोबत बसून जेवावे. अनेक आठवडे मन कशातच रमत नसेल, झोप उडाली असेल, तर ती उदासीनता वेगळी तपासून घ्यावी. तिच्यावर उपचार आहेत आणि त्याने भूकही सुधारते.

या संदर्भात एका रुग्णाकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते, आणि तो म्हणजे स्वयंपाक करणारी स्त्री. आयुष्यभर चुलीच्या धुरात वावरल्याने जिला हा विकार जडला, तीच पुष्कळ घरांत सर्वांसाठी रांधते, सर्वांना वाढते आणि दमून, गार झालेले उरलेसुरले शेवटी खाते. तिला भूक नाही असे सर्वजण म्हणतात. वास्तविक तिला दम उरलेला नसतो. तिने प्रथम जेवावे, कणीक दुसऱ्याने मळावी, फोडणी दुसऱ्याने द्यावी, भाजी बसून चिरावी, असा कायदा अशा घराने आपल्यापुरता करावा.

हक्क आणि सवलती

- आहारतज्ज्ञाचा सल्ला : मोठ्या सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. वजन घटल्याची वही दाखवून त्यांच्याकडे पाठवण्याची विनंती करावी आणि ती केसपेपरवर लिहून घ्यावी.
- कागदपत्रे : वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावयाची असतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.
- शिधा : अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा दरमाणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. शिधापत्रिकेत रुग्णाचे नाव आहे, याची खातरजमा करावी.
- क्षयरोग असल्यास : निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांनाही, त्यांची निक्षय पोर्टलवर नोंद झालेली असल्यास, ती मिळते. ही योजना इतर श्वसनविकारांस लागू नाही.
- धंद्यातून जडलेला विकार : सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हे भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले आहेत. दगडखाणी, काचकारखाने व गिरण्यांत काम केलेल्यांनी डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगून तो लिहून घ्यावा. दाव्यास तोच आधार होतो.
- दलालांपासून सावध : दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीतील २१ प्रकारांत श्वसनविकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. या आजारावर दिव्यांगाचा दाखला काढून देतो, असे सांगून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी

पुढीलपैकी काही आढळल्यास एका-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे :

- वजनातील वर सांगितलेली घट, किंवा सलग तीन दिवस नेहमीच्या निम्म्याहूनही कमी आहार.
- दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा नवा खोकला, संध्याकाळचा ताप, थुंकीत रक्त. थुंकीची क्षयासाठी तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. थुंकीतून रक्त अधिक प्रमाणात पडत असल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.
- जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा वा ओलसर होणे. अन्न श्वासनलिकेत जात असण्याचा संभव असतो.
- पाच किंवा अधिक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नसणे. अशा माणसास एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवावा.

आणि ओठ वा नखे निळी पडणे, अवेळी गुंगी, बोलण्यात असंबद्धता, सकाळी डोके जड होऊन माणूस नीट जागा न होणे, बसल्या जागी वाक्य पुरे न करता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास आहाराचा विचार बाजूस ठेवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यातील सर्व गोष्टी एकाच दिवशी करावयास घेऊ नयेत. या आठवड्यात वजन करून वहीत लिहा, पाट सोडून खुर्ची घ्या, आणि विनाकारण बंद केलेल्या पदार्थांपैकी निदान दूध पुन्हा सुरू करा. पुढच्या भेटीस ती वही आणि औषधांची पिशवी घेऊन जा, आणि डॉक्टर स्वत:हून विचारण्याची वाट न पाहता भुकेचा विषय आपणच प्रथम काढा.